तिसऱ्या आग्रहाची लस

लस टोचून घेणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, असं मला एकूण एक माणसाने सांगितलं. बायकोने सांगितलं, मुलीने सांगितलं, शेजारच्या ड्वेन हाउग्रुडने तर गॅरेजचं दार अर्धं वर करून, त्याखालून वाकून बाहेर येऊन सांगितलं. "बाही वर करायची, दुसरीकडे बघायचं, संपलं!" हे सांगणाऱ्या ड्वेनने स्वतः शेवटची सुई कधी टोचून घेतली होती, हे मी विचारलं नाही. आमच्या मिनेसोटात, निदान आमच्या स्टोरडाल गावात, असले थेट प्रश्न कुणी विचारत नाही. विचारायचेच झाले तर आधी हवेबद्दल बोलावं लागतं, मग गाडीच्या टायरबद्दल, आणि तोवर आपल्याला काय विचारायचं होतं हेच विसरायला होतं.

सगळ्याची सुरुवात झाली आमच्या कॅरिनच्या फोनपासून. कॅरिन ही आमची एकुलती एक मुलगी. ती शिकागोला राहते, आणि तिथे राहून तिला सरळ बोलायची सवय लागली आहे. तिला मुलगी झाली आणि तिने बाळाचं नाव ठेवलं सिग्ने. सिग्ने हे माझ्या आईचं नाव. ते फोनवर ऐकल्यावर मी "बरं आहे" म्हणालो, फोन बायकोच्या हातात दिला आणि गॅरेजमध्ये जाऊन बर्फ ओढायचं फावडं फडक्याने पुसत बसलो. बर्फ पडायला अजून बराच अवकाश होता. बायको, म्हणजे लव्हॉन, आत रडून घेत होती, मी बाहेर. आमच्या लग्नात ही वाटणी पहिल्यापासून आहे.

पुढच्या फोनवर कॅरिन म्हणाली, "बाबा, बाप्तिस्मा आपल्या स्टोरडालच्या चर्चमध्येच करायचा. आणि दारापासून पाण्याच्या कुंडापर्यंत तिला तूच न्यायचंस."

ही आमच्या घरची रीत. मला माझ्या आजोबांनी नेलं होतं, कॅरिनला माझ्या वडिलांनी.

"बघू," मी म्हणालो. आमच्याकडे 'बघू' म्हणजे आनंदाने उडी मारणं.

"पण एक आहे हं. डांग्या खोकल्याची लस घेतल्याशिवाय बाळाला कुणी हात लावायचा नाही. आणि तीही निदान दोन आठवडे आधी. डॉक्टरांनी बजावलंय. गॅरीने तर कधीच घेतली."

गॅरी प्रुइट हे जावयाचे वडील, ॲरिझोनाचे. भला माणूस आहे, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला "केक घेणार का" असं विचारायला गेलं तर 'केक' शब्दापर्यंत पोहोचायच्या आत तो "हो, मोठा तुकडा द्या" म्हणून मोकळा होतो. ॲरिझोनात थंडी नसते, त्यामुळे माणसांना वळण लागत नसावं.

"मग समजा माझं राहिलंच," मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मग काय, गॅरी नेईल तिला," कॅरिन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लस घ्यायला निघालो.

निघालो म्हणजे निघणार होतो. लव्हॉनने आधी मला रविवारचा पांढरा शर्ट घालायला लावला. "चारचौघांत जायचंय. फाटक्या शर्टात लस घेतली तर लोक म्हणतील, ट्वेटनांच्या घरी काय दिवस आले!" रविवारच्या शर्टाच्या बाह्यांना ती इतकी खळ घालते की त्या कोपराच्या वर चढवायच्या तर सुतार बोलवावा लागेल. शिवाय ऑक्टोबर असल्याने आत लांब बाह्यांचा लोकरी बनियन. आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा आर्डिस क्वामे यांनी फोनवरून सल्ला दिला की पोटभर खाऊन जा. ड्वेनचा सल्ला, उपाशी जा. आर्डिस म्हणाल्या डाव्या हाताला घ्या, ड्वेन म्हणाला ज्या हाताने मासे धरतोस तो हात सांभाळ. मी दोन्ही हातांनी धरतो. अशा रीतीने अर्धपोटी आणि कडक इस्त्रीत मी औषधांच्या दुकानात शिरलो.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण त्या दुकानात शिरताना मी दर वेळेस थांबतोच. पूर्वी ते आर्विड एंगेब्रेत्सन यांचं दुकान होतं. दारात घंटा होती. उजवीकडे आइस्क्रीमचा लांब ओटा आणि त्याच्यासमोर गोल फिरणारी स्टुलं. आई औषधाच्या पुडीसाठी थांबायची आणि मी स्टुलावर गरगर फिरायचो. एंगेब्रेत्सन पांढऱ्या कोटात, चष्मा कपाळावर. ते विचारायचे, "ऑरिन, चेरीचं सरबत घेतोस?" मी म्हणायचो, "नको." "थोडंसं?" "नको, खरंच नको." मग ते काहीतरी पुटपुटत पाठ फिरवून ग्लास भरायला लागायचे आणि तिसऱ्यांदा म्हणायचे, "आता भरलंच आहे, वाया जाईल." तेव्हा मी आईकडे बघायचो. आई होकाराची मान डोलवायची आणि मगच मी "बरं, ओतलंच असेल तर" म्हणायचो.

माझ्या आईचा कायदाच होता. दुसऱ्याच्या घरी, दुकानात, चर्चमध्ये, कुठेही, पहिल्या दोन वेळा नको. पहिल्यांदा 'हो' म्हणणं म्हणजे हावरेपणा. एकदा मी पहिल्याच आग्रहाला वडी उचलली तर तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ती वडी अजून माझ्या घशात आहे. एक आग्रह म्हणजे चौकशी, दुसरा म्हणजे सभ्यता, तिसरा खरा. गावातल्या प्रत्येक आईचा हाच कायदा होता. शाळेत पोलिओची लस आली, साखरेच्या खड्यावर थेंब टाकून द्यायची, तेव्हा तबक घेऊन एंगेब्रेत्सनच उभे होते. सगळी शाळा रांगेत, आणि प्रत्येक पोर म्हणतंय, "नको, दुसऱ्या कुणाला लागेल." ते बिचारे प्रत्येकाला तीन तीन वेळा विचारत होते. शेजारच्या गावचं काम जेवणाच्या सुट्टीआधी आटोपलं, आमची शाळा संध्याकाळी सुटली. पण एकही पोर लशीवाचून राहिलं नाही.

एंगेब्रेत्सन गेले त्याला काही हिवाळे झाले. ओटा गेला, स्टुलं गेली, दारातली घंटा गेली. दुकान एका कंपनीने घेतलं. आता तिथे वाढदिवसाच्या कार्डांचा उभा फिरता कप्पा आहे आणि रक्तदाब मोजणारं एक यंत्र, जे दंडाला मिठी मारतं आणि लवकर सोडत नाही. मला ते जुनं दुकान परत हवं आहे. हे मी मोठ्याने कुठे बोलत नाही, पण हवं आहे.

काउंटरवर नवीन फार्मासिस्ट होती, रेनाटा कोलुची. न्यू जर्सीहून आलेली, चाळिशीची, भराभर बोलणारी. तिच्या बाजूला एका ताटलीत बदामाची बिस्किटं मांडलेली होती. मी आधी कार्डांच्या कप्प्यामागे गेलो. विचार असा केला की आयत्या वेळी बाही वर चढायची नाही, तेव्हा आधीच शर्टातून आणि बनियनमधून डावा हात बाहेर काढून ठेवावा आणि वरून कोट पांघरावा. हे करताना दोन कार्डं खाली पडली. एक 'लवकर बरे व्हा' होतं. मग मी रुबाबात काउंटरपाशी गेलो.

"काय हवंय?" रेनाटाने विचारलं.

"काही विशेष नाही," मी म्हणालो. "बायको म्हणत होती, डांग्या खोकल्याची काहीतरी लस असते."

"आहे ना. देऊ का आत्ता?"

आणि माझ्या तोंडून, ज्या तोंडाला आईने इतकी वर्षं वळण लावलं त्या तोंडून, आपोआप निघालं, "नको, नको. तुम्ही कामात आहात. दुसऱ्या कुणाला लागत असेल."

"नको? बरं." तिने संगणकावर टकटक केलं. "पुढचे कोण?"

मी तिथेच उभा. ताकाला जाऊन भांडं लपवलं तर निदान समोरच्याने विचारावं तरी की पाठीमागे काय आहे! मी बाजूला झालो, आणि ती हातातलं काम संपवून दुसऱ्यांदा विचारेल म्हणून भिंतीशी खुर्च्या होत्या त्यावर बसून राहिलो. बराच वेळ बसलो. मग लक्षात आलं की लस घेतल्यावर चक्कर येते का ते बघायला माणसांना बसवतात त्या या खुर्च्या. तेवढ्यात आर्डिस क्वामे खोकल्याचं औषध घ्यायला आल्या, आणि नेमका माझा कोट खांद्यावरून घसरला.

"ऑरिन," त्या माझ्या उघड्या दंडाकडे आणि मग छताकडे बघत म्हणाल्या, "हवा बरी आहे नाही आज?"

"बरी आहे," मी म्हणालो.

शेवटी रेनाटाच आली. "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"हो, हो."

"मग जाऊ शकता तुम्ही."

मी उठलो आणि अर्ध्या शर्टानिशी घरी आलो. मी शाळेत आयुष्यभर बँड शिकवला, गावच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे चाललो. पण घरापर्यंतचा तो रस्ता मला फार लांब वाटला.

घरी लव्हॉन ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता. आमच्याकडे राग असा दिसतो. औषधांच्या दुकानात आमच्या नावापुढे नंबर तिचा आहे, त्यामुळे मी पोहोचायच्या आत तिच्या फोनवर निरोप पोहोचला होता: ऑरिन ट्वेटन यांनी लस नाकारली आहे. विचार बदलल्यास मदत क्रमांकावर फोन करावा.

"नाकारलीस?" ती म्हणाली.

"नाकारली नाही. नको म्हणालो."

"किती वेळा?"

"एकदा! तिने पुन्हा विचारलंच नाही."

लव्हॉन बसली. तिला एकदम सगळं समजलं, कारण तिची आईही याच गावची. "अरे देवा," ती म्हणाली, "आता काय करायचं रे?"

करायचं ते गावाने आधीच सुरू केलं होतं. आर्डिसबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त तीन-चार घरी फोन करून विचारलं की ऑरिनची तब्येत बरी आहे ना. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात खिमा-बटाट्याची भाजलेली दोन तसराळी येऊन पडली होती, जशी कुणी गेलं की येतात. पाळकबाई मार्लिस आल्या. त्या हवेबद्दल बोलल्या, टायरबद्दल बोलल्या, त्यांच्या भावाच्या गुडघ्याबद्दल बोलल्या आणि निघता निघता दारात म्हणाल्या, "प्रत्येकाचं आपापलं मत असतं, ऑरिन. देव सगळ्यांचाच आहे." म्हणजे मी लशीच्या विरोधात गेलो असं त्यांनी धरलं होतं. मी खुलासा करणार होतो, पण खुलासा करणं हेही आमच्याकडे थोडं उर्मटपणाचंच समजतात.

सर्वांत जास्त आनंद झाला ड्वेनला. तो मुरवलेल्या हेरिंग माशांची बरणी घेऊनच आला. "मला माहीत होतं!" माझा हात हलवत तो म्हणाला. "तोंडावर नाही म्हणालास! शर्ट काढून म्हणालास! आर्डिस सांगत होती. या गावात कुणात आहे हिंमत?"

"ड्वेन, तसं नाही ते."

"मीसुद्धा नाही घेतलेली. बायकोला सांगतो घेतली म्हणून. सुई बघितली की माझे गुडघे जातात रे." मग त्याने आवाज खाली आणला. "तुझ्यामुळे मला आधार वाटला."

त्याचा आधार काढून घेणं माझ्या जिवावर आलं. मी बरणी घेतली. दोनदा नको म्हणून, अर्थातच.

रात्रीच्या जेवणाआधी कॅरिनचा फोन. "बाबा, तू लस घेणार नाही म्हणालास?"

"म्हणालो, पण म्हणालो नाही."

"तिने एकदाच विचारलं का?"

"एकदाच."

"बाबा, ती न्यू जर्सीची आहे. तिकडे एकदाच विचारतात." मग तिचा आवाज जरा ओला झाला. "हे बघ, दिवस थोडे उरलेत. मला सिग्ने तुझ्याच हातात हवी आहे. पण लस नाही तर नाही. मी तिथे भीड ठेवणार नाही, सांगून ठेवते."

भीड ही भिकेची बहीण, म्हणतात ना. ती आमच्या गावातच सासरी नांदते आहे. त्या रात्री मी जेवलो नाही. दोन तसराळी खिमा समोर असूनही.

पुन्हा दुकानात जायला तोंड नव्हतं, म्हणून सकाळी मी मदत क्रमांकाला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी ऐकवली. बासरी बेसूर होती, म्हणजे निदान मला तरी तेवढं कळतं. मग यंत्रातली बाई बोलली, फार गोड आवाजात.

"तुम्हाला आमच्या माणसाशी बोलायचं आहे का? कृपया हो किंवा नाही म्हणा."

"त्यांना त्रास होणार नसेल तर," मी म्हणालो.

"माफ करा, समजलं नाही. तुम्हाला आमच्या माणसाशी बोलायचं आहे का?"

आता बघा, हिने दुसऱ्यांदा विचारलं! मला गहिवरून आलं. या सबंध कंपनीत वळण असलेली ही एकच बाई. आता तिसऱ्या वेळेला हो म्हणायचं एवढंच बाकी होतं. म्हणून मी रीतीप्रमाणे म्हणालो, "नाही, तसं अगदी अडलेलं नाही..."

"तुम्ही 'नाही' म्हणालात. आपला दिवस चांगला जावो."

लव्हॉनने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि कोट चढवला. "चल," ती म्हणाली. "पलीकडच्या गावात जाऊ असं म्हणू नकोस. आपलं इथल्या दुकानाशी भांडण झालं असं लोक म्हणतील. आपल्याच दुकानात जायचं." तो दोन आठवड्यांच्या हिशेबातला शेवटचा दिवस होता. उद्या घेतलेली लस गॅरीच्या उपयोगाची होती.

या वेळी मी कोटाच्या आत उन्हाळ्यातला बिनबाह्यांचा बनियन घातला होता. थंडीने दात वाजत होते, पण बाहीचा प्रश्न मिटला होता. आमच्या मागोमाग ड्वेनही आला, मी पुन्हा एकदा तोंडावर नाही म्हणतो ते बघायला.

रेनाटा काउंटरमागे ताटलीतली बिस्किटं एका डब्यात भरत होती. एक एक, हळूहळू. आम्हाला बघून तिने डबा बाजूला केला.

"बोला मिस्टर ट्वेटन. काल तुम्ही नाही म्हणालात. आज?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, शपथेवर सांगतो. पण जीभ वळेना. लव्हॉन शेजारी उभी होती, तिने कोपराने ढोसलं, तरी वळेना. शेवटी मी म्हणालो, "बाई, तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?"

"काय पुन्हा विचारायचं?"

"लस. मी नको म्हणालो, त्यानंतर."

"तुम्ही नको म्हणालात ना!"

"हो, पण एकदाच."

रेनाटाने दोन्ही हात काउंटरवर टेकले. "म्हणजे?"

मग लव्हॉनने तिला समजावलं. आमच्याकडे असं कसं असतं ते. पहिला आग्रह, दुसरा आग्रह, तिसरा. बोलता बोलता एंगेब्रेत्सनांचं सरबत निघालं, साखरेचे खडे निघाले, माझ्या आईचा चिमटा निघाला. रेनाटा ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

"थांबा," ती म्हणाली. "मी आल्यापासून रोज ही बिस्किटं आणते. माझ्या आईची रीत आहे ती, रात्री भाजते मी. रोज कितीजणांना विचारते, घेता का. रोज सगळे नको म्हणतात. रोज संध्याकाळी भरलेला डबा घरी नेते. मला वाटलं, या गावाला मी नकोशी आहे." तिने नाक पुसलं. "मी दुसरीकडे बदलीसाठी अर्ज केलाय."

खुर्च्यांवर दोन-तीन जण होते, ते बुटांकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची ती बिस्किटं मीही काल बघितली होती, आणि मला हवी होती.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" रेनाटाने विचारलं.

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत," ड्वेन म्हणाला. गावात इतके दिवस राहूनही कुणी काही विचारलं नाही तर सांगायचं कसं, हा त्याला खरोखर पडलेला प्रश्न होता.

रेनाटा हसली. आधी थोडी आणि मग पोट धरून. मग कोट नीट करून ताठ उभी राहिली. "मिस्टर ट्वेटन, लस घेता?"

"नको, नको," मी म्हणालो. "तुम्हाला कामं असतील."

"घ्या हो. काही वेळ लागत नाही."

"नको, दुसऱ्या कुणाला लागेल."

तिने मागे वळून फ्रिज उघडला आणि पाठमोरीच म्हणाली, "आता बाहेर काढलीच आहे."

माझे डोळे भरून आले. अगदी तसंच पाठ फिरवून म्हणाली हो ती, कुणी न शिकवता. "बरं," मी म्हणालो, "काढलीच असेल तर."

सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. दंडावर नेमकी आईच्या चिमट्याची जागा होती, ती आधीच बधिर झालेली असावी.

मग मी खुर्चीवर बसलो, या वेळी रीतसर. रेनाटाने ताटली फिरवली, प्रत्येकापुढे तीनदा. ताटली रिकामी झाली. म्हणजे शेवटचं एक बिस्किट राहिलं. शेवटचं कुणी घेत नाही. एकाने त्यातलं अर्धं तोडलं, दुसऱ्याने उरलेल्याचं अर्धं, आणि आम्ही निघालो तेव्हा ताटलीत बोराएवढा तुकडा होता आणि त्याच्याभोवती लोक एकमेकांना आग्रह करत होते.

"आता तुम्ही," रेनाटा ड्वेनकडे वळली. तिला नवीन विद्येचा चांगलाच जोर आला होता. "लस घेता?"

"नको."

"घ्या ना."

"नको."

"एवढीशी सुई आहे."

ड्वेन एक पाऊल मागे सरकला. "नको," तो म्हणाला.

रेनाटाने माझ्याकडे बघितलं. "आता?"

"आता नाही," मी सांगितलं. "तिसऱ्यांदा म्हटलेलं नको हे खरं असतं. त्याच्यापुढे विचारायचं नाही."

तिने मान डोलावली आणि सुई ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात ड्वेन एकटाच जाऊन घेऊन आला. काउंटरला धरून उभा राहिला आणि शेवटपर्यंत डोळे मिटून होता, असं आर्डिसबाई म्हणतात.

बाप्तिस्म्याच्या रविवारी चर्चच्या दारात आम्ही सगळे जमलो. गॅरी प्रुइट पांढरा पट्टा आणि पांढरे बूट घालून आला होता. कॅरिनच्या हातांत सिग्ने, माझ्याच बाप्तिस्म्याच्या लांब झग्यात, जो माझ्या आईने शिवला होता. एवढंसं तोंड. कपाळावर आठी. आईचीच आठी.

"बाबा, घेतोस?" कॅरिनने विचारलं.

गॅरीचे हात कोपरापासून थोडेसे पुढे आलेले मला दिसले. माझ्या तोंडात 'न' तयार झाला. जिभेने आपली जागा घेतली. दंडाला तो जुना चिमटा जाणवला आणि मी मनातल्या मनात आईला म्हणालो, आई, आज नाही.

"हो," मी म्हणालो.

"पहिल्याच वेळेला!" लव्हॉन माझ्यामागे पुटपुटली. आर्डिसबाईंनी तर हातातलं भजनपुस्तक पाडलं. पण तोवर सिग्ने माझ्या हातात होती. मी चालायला लागलो. मिरवणुकीत चालताना मी कधी इतक्या बेताने पाऊल टाकलं नव्हतं. कुंडापाशी पाळकबाईंनी तिच्या डोक्यावर पाणी घातलं, तिचं नाव घेतलं, आणि माझ्या आईचं नाव त्या चर्चमध्ये पुन्हा एकदा सगळ्यांनी ऐकलं. ती रडली नाही. मी थोडा रडलो. या वेळी आतच, सगळ्यांसमोर.

नंतर तळघरात कॉफी होती आणि भोपळ्याच्या वड्या. रेनाटाही आली होती. तिने बदलीचा अर्ज मागे घेतला होता, आणि वड्यांच्या टेबलापाशी ती आर्डिसबाईंना "नको, नको, खरंच नको" म्हणत होती. फार सुरेख म्हणत होती.

गॅरी माझ्यापाशी आला. "आता मला द्या की थोडा वेळ."

"नको," मी म्हणालो.

तो हसून केक शोधायला गेला. मग लव्हॉन आली. "हात दुखेल तुझा. दे इकडे."

"नको."

शेवटी कॅरिन आली, माझ्यासाठी कॉफीचा कप घेऊन. "बाबा, दे आता. दमला असशील. कॉफी गार होतेय."

सिग्नेने माझा अंगठा धरला होता. घट्ट. आठी अजून तशीच होती.

"नको," मी म्हणालो.

कॅरिन हात पुढे करणार, तेवढ्यात रेनाटाने तिचा दंड धरला.

"हे तिसरं होतं," ती हळूच म्हणाली. "आता विचारायचं नाही."

कॅरिनने कप खाली ठेवला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.